रोमकरांस पत्र, अध्याय 13: दक्षिण आफ्रिकेतला एक खटला

1985 सालचा ईस्टर. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेला मोरिया नावाचं ठिकाण आहे. झायन ख्रिश्चन चर्च या कृष्णवर्णीयांच्या अवाढव्य मंडळीची वार्षिक यात्रा तिथे भरते आणि लाखो माणसं जमतात. त्या वर्षी मंचावर पाहुणे होते राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा. समोरच्या गर्दीतल्या एकालाही त्यांच्या सरकारसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. शहरात पाऊल टाकायचं तर खिशात पासबुक, म्हणजे सरकारी परवान्याचं पुस्तक, लागायचं, आणि राहायचं कुठे हे कातडीच्या रंगावरून ठरायचं. बोथांनी भाषणात बायबलचा आधार घेतला आणि पौल या प्रेषिताने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला. प्रत्येकाने अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, कारण जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत.

याच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, 21 मार्चला, युटेनहेगजवळच्या लांगा वस्तीत अंत्ययात्रेला निघालेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला होता. वीसएक माणसं मेली. ती तारीख साधी नव्हती. 1960 मध्ये त्याच दिवशी शार्पव्हिलमध्ये पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडून 69 जणांना मारलं होतं. त्याला त्या दिवशी पंचवीस वर्षं होत होती.

म्हणजे एकीकडे ताज्या कबरी आणि दुसरीकडे पौलाचं वचन. वचन खोटं नव्हतं, बायबलमध्ये ते आहेच. मग त्याचं करायचं काय? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या काही पाळकांनी आणि धर्मचिंतकांनी या प्रश्नाला लेखी उत्तर दिलं. ‘कैरोस दस्तऐवज’ म्हणून ते ओळखलं जातं. सामाजिक न्यायाच्या बाजूने बायबल वाचणं म्हणजे नेमकं काय करणं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. या वाचनाची ताकद त्यात दिसते आणि त्याच्या त्रुटीही दिसतात.

वेगळं प्रभुभोजन

वर्णद्वेषी राजवट 1948 साली निवडणुकीतून आली, पण तिची धार्मिक तयारी शंभर वर्षं आधीची आहे. केपमधल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या काही गोऱ्या सभासदांना कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांसोबत एकाच मेजावर प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, घ्यायचं नव्हतं. हा प्रश्न 1857 च्या सिनडपुढे, म्हणजे चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेपुढे, आला. सिनडने काय ठरवलं ते नीट पाहण्यासारखं आहे. नव्याने विश्वासात आलेल्यांना आपल्याच मंडळीत घेणं हे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असं त्यांनी आधी मान्य केलं. पुढे जोडलं की काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे कामात अडथळा येत असेल, तिथे वेगळी उपासना चालेल.

शास्त्र एक सांगतं हे कबूल करून सवलत दुसरी दिली गेली, तीही गोऱ्यांच्या दुर्बलतेला. 1881 मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्चच उभं राहिलं. सवलतीचा रिवाज झाला आणि रिवाजाला पुढे शास्त्राधार शोधला गेला. हा क्रम विसरू नये. बायबलमधून वर्णभेद निघाला असं म्हणतात तेव्हा मला हा सिनड आठवतो. वर्णभेद आधी मेजावर बसला, वचनं नंतर आली.

आणि वचनं सापडलीही. बाबेलच्या बुरुजाची गोष्ट घेतली: देवानेच भाषा वेगळ्या केल्या, माणसं पांगवली, म्हणजे वेगळेपण ही देवाची योजना. अनुवाद 32:8 मधून राष्ट्रांच्या सीमा देवाने ठरवल्याचं काढलं. प्रेषितांची कृत्ये 17:26 मध्ये पौल अथेन्सला सांगतो की देवाने एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. त्यातला ‘एकापासून’ बाजूला पडला आणि ‘सीमा’ ठळक झाल्या. 1974 साली या चर्चने वंश, लोक आणि राष्ट्र या विषयावर एक सविस्तर अहवाल स्वीकारला, त्यात हेच दाखले आहेत. राजवटीचे पहिले पंतप्रधान डी. एफ. मलान हे स्वतः याच चर्चचे पाळक होते, एवढं सांगितलं की चर्च आणि सरकारचं नातं वेगळं समजवावं लागत नाही.

आतून विरोध झाला नाही असं नाही. शार्पव्हिलनंतर डिसेंबर 1960 मध्ये जोहान्सबर्गच्या कॉटस्लो इथे चर्चच्या प्रतिनिधींची बैठक झाली. वर्णभेदाला शास्त्रात आधार नाही अशा अर्थाच्या ठरावांना डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींनीही संमती दिली. पंतप्रधान व्हर्वूर्ड यांनी दबाव आणला आणि सिनडांनी आपल्याच माणसांचे ठराव झिडकारले. त्या प्रतिनिधींमध्ये बायर्स नॉडे होते. आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या समाजातलं मोठं घराणं, ब्रूडरबॉन्ड या गुप्त संघटनेचे सभासद, चर्चमध्ये वरचं पद. 1963 मध्ये त्यांनी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढलं आणि पाळकपद सोडण्याची वेळ आली. शेवटच्या प्रवचनाला त्यांनी प्रेषितांची कृत्ये 5:29 घेतलं. माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे, असं पेत्र न्यायसभेला सुनावतो ते वचन. 1977 ते 1984 सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला होता. हा हुकूम असला की माणसाला सभेत बोलता येत नाही आणि त्याचं म्हणणं छापताही येत नाही.

जोहान्सबर्गमधली बैठक

1983 च्या नव्या राज्यघटनेने संसदेला तीन सभागृहं दिली: गोऱ्यांचं, मिश्रवंशीयांचं आणि भारतीय वंशाच्या लोकांचं. देशातली बहुसंख्य जनता, म्हणजे कृष्णवर्णीय, तिन्हींच्या बाहेर. घटनेची प्रस्तावना सुरू होते ती मात्र सर्वशक्तिमान देवापुढे नम्रपणे. सप्टेंबर 1984 मध्ये वाल भागातल्या वस्त्या पेटल्या, आणि 20 जुलै 1985 ला बोथांनी 36 जिल्ह्यांत आणीबाणी जाहीर केली. सैन्य वस्त्यांमध्ये शिरलं.

याच महिन्यांत काही पाळक आणि धर्मचिंतक एकत्र बसू लागले. जोहान्सबर्गच्या इन्स्टिट्यूट फॉर कॉन्टेक्स्चुअल थिऑलॉजी या संस्थेने ही चर्चा चालवली. तिचे सरचिटणीस फ्रँक चिकाने होते, पेंटेकॉस्टल पाळक, स्वतः तुरुंग आणि छळ भोगलेले. दुसरं महत्त्वाचं नाव डोमिनिकन धर्मगुरू अल्बर्ट नोलन यांचं. कच्चा मसुदा गटागटांत फिरला, दुरुस्त झाला, पुन्हा फिरला. 25 सप्टेंबर 1985 ला दस्तऐवज प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर वेगवेगळ्या पंथांच्या दीडशेहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. हे अखेरचं उत्तर नाही, यावर टीका करा, भर घाला, असं प्रस्तावनेतच म्हटलं होतं. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्तीही निघाली.

कैरोस म्हणजे निर्णायक घडी. चर्चसाठी ती आलेली आहे आणि चर्च दुभंगलेलं आहे, हे त्यांचं पहिलं विधान. गोळी झाडणारा शिपाई आणि गोळी खाणारा पोरगा दोघंही रविवारी एकाच प्रभूचं नाव घेतात, एकाच मेजावर भाकर मोडतात. ही वस्तुस्थिती लपवून एकतेची भाषा करायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग त्यांनी देशातल्या धर्मविचाराचे तीन प्रकार मांडले: राज्यसत्तेचा, चर्चचा आणि संदेष्ट्यांचा. पहिल्याच्या झडतीत रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आला.

पौल कुणाशी बोलतो आहे?

दस्तऐवजाने केलेलं पहिलं काम साधं आहे. पौलाला त्याच्या जागी परत नेणं. त्याचं पत्र म्हणजे राज्यसत्तेवरचा त्रिकालाबाधित सिद्धान्त नव्हे. रोममधल्या एका लहानशा मंडळीला, त्यांच्या ठरावीक अडचणीत लिहिलेलं ते पत्र आहे. दस्तऐवजाच्या मते तिथे काही जण म्हणत होते की ख्रिस्त प्रभू झाला, आता आम्हाला कुठल्याच राज्याची आज्ञा लागू नाही. पौल त्यांना सांगतो की राज्यव्यवस्था ही गोष्ट देवाच्या योजनेत बसते. राज्य अन्यायी झालं तर काय, हा प्रश्न त्या परिच्छेदात त्याच्यापुढे नाहीच. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालायचं कसं?

याला बाहेरूनही आधार मिळतो. पत्र साधारण इ. स. 57 च्या सुमाराचं. त्याआधी आठेक वर्षं क्लॉडियस बादशहाने यहुद्यांना रोममधून हाकललं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं असंच करिंथला येऊन पौलाला भेटलं, हे प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे. परतलेल्या माणसांची ती मंडळी, पुन्हा हाकललं जाण्याची धास्ती डोक्यावर. अध्यायाच्या सहाव्या-सातव्या वचनांत पौल एकदम करांवर येतो: ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या, ज्याला जकात त्याला जकात. एखाद्या कुटुंबाला तगून राहण्यासाठी वडीलधाऱ्याने सांगावं तसं ते वाटतं. तीनेक वर्षं आधी गादीवर आलेला नीरो पुढे काय करणार हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि परंपरा सांगते की पौलाचा जीव त्याच नीरोच्या काळात रोममध्ये गेला.

दुसरं काम: अध्यायाच्याच आत वाचणं. चौथ्या वचनात पौल सांगतो की अधिकारी हा तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे. बोथांच्या भाषणात सेवकाचं वर्णन आलं नाही, फक्त अधीनता आली. हित करणारा तो सेवक. मग जो हित करत नाही, जो मुलांना गोळ्या घालतो, तो कुणाचा सेवक?

तिसरं काम सगळं बायबल समोर ठेवणं. एका अध्यायातून राज्यसत्तेचा सिद्धान्त काढायचा तर निर्गममधल्या फारोचं काय? इस्राएल गुलाम होते तेव्हा फारोही अधिकारीच होता आणि देव त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. नव्या करारातही रोमी सत्तेचं दुसरं चित्र आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात तीच रोमी सत्ता समुद्रातून वर आलेलं श्वापद आहे आणि तिला अधिकार दिला आहे अजगराने, म्हणजे सैतानाने. पौलाच्या पत्रानंतर काही दशकं गेली, छळ झाला, आणि रोमकडे पाहण्याची ख्रिस्ती नजर बदलली. दोन्ही पुस्तकं एकाच जिल्दीत आहेत. मोरियाच्या मंचावरून फक्त एक वाचलं गेलं.

यापुढे दस्तऐवजाची भाषा तापते. घटनेच्या प्रस्तावनेतला तो देव म्हणजे मूर्ती आहे, अश्रुधुराचा, रबरी गोळ्यांचा, चाबकाचा, तुरुंगाचा आणि फाशीचा देव, असं त्यात लिहिलं आहे. प्रचारी वाटेल, पण संदेष्ट्यांची भाषा कधी मवाळ होती? आमोस 4 मध्ये शोमरोनच्या श्रीमंत बायकांना बाशानाच्या गायी म्हणतो. कैरोसच्या लेखकांनी शैली तिथूनच उचलली.

समेटाचा प्रश्न

सरकारवरची टीका गाजली. मला मात्र दस्तऐवजाचा दुसरा भाग अधिक धाडसाचा वाटतो, कारण तो आपल्याच माणसांवर आहे. इंग्रजी भाषिक चर्च वर्णभेदाचा निषेध करत होती, ठराव करत होती. त्यांचे आवडते शब्द होते समेट, न्याय, अहिंसा. कैरोसने तिन्ही एकेक करून तपासले.

समेट चांगलाच. पण दोन माणसांच्या गैरसमजातला समेट आणि जमीन बळकावणारा व जमीन गमावणारा यांच्यातला समेट एका मापाने मोजायचा का? अन्याय जागच्या जागी ठेवून हात मिळवायला सांगणं हे ख्रिस्ती नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, आणि पश्चात्ताप म्हणजे केलेलं उलटवणं. जखई या श्रीमंत जकातदाराची गोष्ट डोळ्यांपुढे आणा. तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेलं चौपट परत करतो, तेव्हा येशू म्हणतो की आज या घराला तारण झालं.

न्यायाबद्दल त्यांचा आक्षेप असा की चर्च सुधारणा मागत होतं, आणि त्या सुधारणा वरून, सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने येणार होत्या. नैतिक आवाहन करायचं तेही वरच्यांनाच. ज्यांच्यावर अन्याय होतो ते स्वतः काय करू शकतात, हा विचार त्यात नव्हता.

हिंसेबद्दलचं निरीक्षण आजही बोचतं. दगडफेक करणारा पोरगा हिंसक म्हटला जातो, पण पोलिसांच्या गोळीबाराला, घरं पाडण्याला, उपासमारीला हिंसा हा शब्द वापरला जात नाही. हे बरोबर आहे. तरी इथेच दस्तऐवज मला अपुरा वाटतो. त्याच महिन्यांत वस्त्यांमध्ये खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांच्या गळ्यात टायर अडकवून त्यांना जाळलं जात होतं. जुलै 1985 मध्ये डुडुझा इथे एका अंत्यविधीनंतर जमाव अशाच एका माणसाला मारायला निघाला होता, तेव्हा बिशप डेझमंड टुटू मध्ये घुसले आणि त्यांनी त्याला वाचवलं. हे थांबलं नाही तर मी देश सोडून जाईन, असंही त्यांनी नंतर बजावलं. पीडितांच्या बाजूने बायबल वाचायचं तर पीडितांच्या हातून मरणारा माणूसही त्या वाचनात यायला हवा होता. कैरोसवर टुटूंची सही नाही.

पत्रव्यवहार

दस्तऐवजाने सरकार हललं नाही. पण त्यानंतर वाद बायबलच्या मैदानावर उघड झाला. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या वस्तीतल्या कृष्णवर्णीय इव्हँजेलिकल पाळकांनी 1986 मध्ये स्वतःच्या परंपरेची परखड तपासणी प्रसिद्ध केली. मिश्रवंशीयांच्या मिशन चर्चने 1982 साली केपटाउनजवळच्या बेलहार इथे मांडलेला विश्वासजाहीरनामा 1986 मध्ये औपचारिकपणे स्वीकारला. अन्यायाने भरलेल्या जगात देव विशेषकरून निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, हे त्यात विश्वासाचं कलम म्हणून आलं. वेगळ्या प्रभुभोजनातून जन्मलेल्या चर्चने हे लिहावं यात एक न्याय आहे.

29 फेब्रुवारी 1988 ला चर्चचे नेते केपटाउनच्या संसदेवर मोर्चा घेऊन निघाले. पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं आणि मोर्चावर पाण्याचा मारा केला. त्यानंतर बोथांनी आता आर्चबिशप झालेल्या टुटूंना पत्र लिहिलं. तुम्ही देवाच्या राज्यासाठी काम करता की आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि कम्युनिस्टांच्या राज्यासाठी, असा त्यांचा सवाल होता. टुटूंनी एप्रिलमध्ये उत्तर दिलं. त्यात राजकारणापेक्षा शास्त्र जास्त आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, त्यात रंगाची अट नाही. निर्गमचा देव गुलामांची बाजू घेतो. संदेष्टे राजांना जाब विचारतात. माझी भूमिका बायबलमधून येते आणि बायबल मार्क्सच्या कितीतरी शतकं आधीचं आहे, असा त्या उत्तराचा गाभा.

राष्ट्राध्यक्ष आणि आर्चबिशप वचनं काढून भांडताहेत, हे चित्र आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण दक्षिण आफ्रिकेत दोन्ही बाजूंना मान्य असलेला ग्रंथ तोच होता. गोऱ्या शेतकऱ्याच्या घरात तो होता आणि त्याच्या मोलकरणीच्या खोलीतही होता. म्हणून त्याचं वाचन ही जीवनमरणाची बाब झाली. 31 ऑगस्ट 1988 ला जोहान्सबर्गमधलं खोत्सो हाउस, म्हणजे दक्षिण आफ्रिकन चर्च परिषदेचं मुख्यालय, बाँबने उडवलं. 1989 मध्ये फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांना विष लावलं गेलं. ते थोडक्यात वाचले. दोन्ही कामं सरकारच्या पोलीस यंत्रणेची होती हे पुढे उघड झालं.

त्या काळचे कायदा-सुव्यवस्था मंत्री आद्रियान फ्लोक 2006 मध्ये चिकाने यांच्या कार्यालयात आले. चिकाने तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे महासंचालक होते. फ्लोक यांनी क्षमा मागितली आणि वाडगाभर पाण्याने त्यांचे पाय धुतले, योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे धुतो तसे. पुढच्या वर्षी त्यांनी विषप्रयोगाच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि त्यांना निलंबित शिक्षा झाली. या घटनेवर दक्षिण आफ्रिकेत मतं दुभंगली. कुणाला तो खरा पश्चात्ताप वाटला, तर कुणी विचारलं की बाकीची माहिती कधी देणार, आणि निलंबित शिक्षेला न्याय म्हणायचं का. मी स्वतः त्या माणसाच्या पश्चात्तापावर शंका घेत नाही. पण कैरोसची कसोटी लावली तर प्रश्न उरतो. 1913 च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना देशातली सात टक्क्यांच्या आसपास जमीन ठेवली होती, 1936 मध्ये ती तेराच्या आसपास झाली. 2017 च्या सरकारी पाहणीत व्यक्तिगत मालकीच्या शेतजमिनीपैकी 72 टक्के गोऱ्यांकडे होती. पाय धुतले गेले, जखईचं चौपट मात्र अजून यायचं आहे.

ग्रंथालाही प्रश्न

कैरोस वाचताना असं वाटतं की नीट वाचलं की बायबल शेवटी गरिबांच्याच बाजूचं निघतं. इटुमेलेंग मोसाला या कृष्णवर्णीय अभ्यासकाने 1980 च्या दशकातच याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की बायबलमधले मजकूर स्वतःच सत्तेच्या भांडणातून घडले आहेत. काही राजदरबारात लिहिले गेले, काहींवर जमीनदारांच्या हिताचा ठसा आहे. सगळ्यालाच सरसकट मुक्तीचा संदेश म्हटलं की सत्तेचा आवाजही देवाचा आवाज म्हणून आत शिरतो.

त्यांचं उदाहरण उत्पत्तीतल्या काईन आणि हाबेल या भावांचं आहे. त्या गोष्टीत काईन हाबेलचा खून करतो. अ‍ॅलन बुसाक यांच्यासारख्या वर्णभेदविरोधी पाळकांनी काईनला जुलमी ठरवून गोष्ट वाचली होती. मोसाला म्हणतात, थांबा. काईन शेतकरी आहे. त्याचं अर्पण नाकारलं जातं आणि शेवटी त्याला त्याच्या जमिनीवरून हाकललं जातं. दावीदाच्या राजवटीत शेतकऱ्यांकडून वसुली होत होती, जमिनी जात होत्या. त्या काळच्या दरबाराला सोयीची अशी ही गोष्ट असेल तर? हाकललेला शेतकरी मुळातच खुनी होता, हे जमिनीवर बसलेल्याला ऐकायला बरं वाटतं. ज्या देशात लाखोंना जमिनीवरून उठवलं, तिथे हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

मोसाला यांचं काईनचं वाचन मला पूर्ण पटत नाही. हाबेलचं रक्त जमिनीतून ओरडतं, ती ओळ दरबारी माणसाला सुचेल असं वाटत नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा टाळता येत नाही. बोथांनी रोमकरांस पत्र 13 वाचलं ते निवडून, हे खरं. आपणही निर्गम वाचतो तेव्हा लाल समुद्र ओलांडून गाणं म्हणतो आणि थांबतो. पुढे यहोशवाच्या पुस्तकात कनानी लोकांच्या गावांचं काय होतं, ते वाचत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी, म्हणजे आफ्रिकानर शेतकऱ्यांनी, ते वाचलं होतं. ते स्वतःला इस्राएल समजत आणि स्थानिकांना कनानी.

कैरोसची आणखी एक उणीव उघड आहे. सह्या करणाऱ्यांमध्ये पुरुष पाळकांचा भरणा होता, आणि स्त्रियांच्या वाट्याला येणारा अन्याय त्यात जवळपास कुठे नाही. ते काम दुसरीकडे झालं. पीटरमारिट्झबर्गच्या विद्यापीठात जेराल्ड वेस्ट आणि सहकाऱ्यांनी 1989 साली बायबल-अभ्यासाचं एक केंद्र सुरू केलं, आज ते उजामा केंद्र म्हणून ओळखलं जातं. तिथे तज्ज्ञ प्रवचन देत नाही. वस्तीतल्या बायका, बेरोजगार तरुण, पाळक गटात बसतात. वाचन मोठ्याने होतं, मग एकेक प्रश्न येतो आणि उत्तरं भिंतीवरच्या कागदावर लिहिली जातात. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून स्त्रियांवरच्या अत्याचारासाठी त्यांनी 2 शमुवेल 13 घेतला. दावीदाची मुलगी तामार आणि तिच्यावर बलात्कार करणारा तिचा सावत्र भाऊ अम्नोन यांचा तो अध्याय.

पहिला प्रश्न असतो: हा अध्याय रविवारच्या उपासनेत कधी ऐकला आहे का? बहुतेक मंडळ्यांत तो वाचलाच जात नाही. पुढचा प्रश्न: या घटनेत प्रत्येक पुरुषाचा वाटा काय? इथे गट अध्यायात परत शिरतो आणि माणसं मोजू लागतो. अम्नोन तर आहेच. युक्ती सुचवणारा चुलतभाऊ योनादाब आहे. मुलीला स्वतः निरोप पाठवून त्या खोलीत धाडणारा बाप दावीद आहे. तिला बाहेर काढून दाराला कडी लावणारा नोकर आहे. गप्प राहा, मनाला लावून घेऊ नको, असं सांगणारा सख्खा भाऊ अबशालोम आहे. आणि सगळं ऐकल्यावर संतापणारा, पण काहीही न करणारा राजा, पुन्हा दावीदच. मग विचारतात: तामार काय काय म्हणते? ती नाही म्हणते, कारणं देते, पर्याय सुचवते, हाकलताना पुन्हा विरोध करते. अंगावरचा झगा फाडून, डोक्यावर राख घेऊन ती मोठ्याने रडत रस्त्याने जाते. म्हणजे लपवत नाही.

त्यानंतरचे प्रश्न ग्रंथाबाहेरचे आहेत. आपल्या वस्तीत तामार कुठे आहेत? त्यांनी कुणाला सांगितलं आणि काय ऐकून घेतलं? अशा बाईने पोलीस चौकीत गेलं तर तिथे काय होतं, जवळचा दवाखाना किती लांब आहे, मंडळीत तिच्यासोबत बसणारं कोण आहे? शेवटचा कागद कामांचा असतो. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे त्यावर येतं.